सुई खाली असताना

४ एप्रिल १९३३, सोलापूर

आलो बुवा एकदाचा! कुर्डुवाडीहून सकाळच्या गाडीनं निघालो. टांग्यातून उतरतो तोच चनमल्लप्पाशेट स्वतः पायरीवर उभे. कापसाचा व्यापारी माणूस, पण पुस्तक लिहिलंय: एका दरोडेखोराची जबानी, त्यानं केलेल्या खुनांसकट. ते अख्खं पुस्तक आता ग्रामोफोनच्या तबकड्यांवर चढवायचं. दरोडेखोर मी! बोलपटांनी आमची नाटक कंपनी बुडवली, पण आता हा जोतीराम घराघरांत गर्जणार. बोलपटवाल्यांनो, बसा बोंबलत.

गोदामातच खोली केलीय. भिंतींना चादरी, त्यामागं कापसाच्या गाठी. बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही. कडक भाकरी नि शेंगाचटणी हाणली आणि ताणून दिली.

५ एप्रिल

कामाची रीत कळली. मेणाची जाड तबकडी फिरते, सुई तिच्यावर आवाज कोरते. यंत्र मायाप्पा सांभाळतो. त्यानं लाल दिवा लावला की सुई खाली. मग काहीही होवो, थांबायचं नाही. थांबलात की मेण फुकट. मला काय शिकवता! अंगावर पडदा कोसळला तेव्हाही मी वाक्य सोडलं नव्हतं.

बायकांची वाक्यं दानम्मा वाचते, अक्कलकोटकडची पोर. आवाज मिसळू नयेत म्हणून आमच्यामध्ये चादर टांगलेली. मला मामा म्हणते आणि माझ्या मिशांना हसते. पुस्तकाची पानं शेट रोजची रोज देतात, पुढचं कुणाला दाखवत नाहीत.

७ एप्रिल

आज गळा चिरण्याचा प्रसंग. मी म्हटलं, आवाज काढतो की तोंडानं. शेट म्हणाले, खोटं चालणार नाही, ऐकणाऱ्याला कळतं. बकरं आणलं. लाल दिवा लागला आणि शेटनी स्वतः त्याची मान मागं ओढून सुरी फिरवली. रक्ताची चिळकांडी माझ्या पानावर. बकरं पाय झाडत होतं, मी वाचत होतो. तबकडी फक्कड झाली म्हणे. मला मात्र घास उतरला नाही.

दानम्मा रडली. म्हणाली, मामा, सुरी फिरवताना शेट हसत होते, मला घरी जायचंय. मी म्हटलं, अगं वेडे, एवढी एक तबकडी करून जा.

९ एप्रिल

दानम्मानं आज कमाल केली. सावकाराच्या बायकोचा खून होता. चादरीपलीकडून अशी किंकाळी मारली की माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मनात म्हटलं, वा पोरी! वाचत राहिलो. दोनदा ती मामा, मामा म्हणाली. पानात तो शब्द नव्हता. वाटलं, पदरचं घालतेय.

दिवा विझला तेव्हा चादरीखालून रक्त माझ्या पायांपर्यंत आलं होतं. शेट म्हणाले, बकऱ्याचं. दानम्मा तडक गावी गेली म्हणे. मला न सांगता?

१० एप्रिल

गाठींमागं तिच्या चपला दिसल्या. चैत्राच्या उन्हात पोर अनवाणी कशी जाईल? एक गाठ ओढली.

होती तिथं. गळा या कानापासून त्या कानापर्यंत. दोन बोटं तुटून लोंबत होती, सुरी हातांनी धरली असणार तिनं. आणि मी वाचत होतो. जोत्या, ती तुला हाका मारत होती आणि तू वाचत होतास!

११ एप्रिल

पळालो. फाटकाशी धरलं. मायाप्पानं पाय दाबले, शेटनी पहारीनं दोन्ही नडग्या फोडल्या. हाड बाहेर आलंय. तोंडावर एकही फटका नाही. आवाजाला धक्का नको, म्हणाले. घशासाठी कोमट पाणी पाजतात.

१३ एप्रिल

नवी बाई आलीय. सोजरबाई, मोहोळची, तमाशातली. सगळं सांगितलं. दानम्मा, गाठ, सुरी. पळ म्हटलं. ती हसली! शेटनी तिला सांगून ठेवलंय, मास्तर दारू पिऊन जिन्यावरून पडले, तापात बरळतात. म्हणाली, लई भ्या घालता की मास्तर, मी बोर्डावर वाढलेली हाय, अशी पळायची न्हाय.

हिला मरू देणार नाही. सुरी दिसली की ओरडणार. मेण गेलं खड्ड्यात.

१४ एप्रिल

शेवटची तबकडी. मधली चादर काढलीय. मला स्टुलावर बसवलंय, सोजरबाई समोर. आज पान तिला एकटीलाच, मला नाही. पेन्सिल वाजत नाही म्हणून लिहू देतात—

लाल दिवा.

वाचतेय. माझी नजर तिच्या पाठीमागच्या भिंतीवर. तिथं कुणी नाही. शेट कुठं—

विलाप आहे. दरोडेखोराच्या बायकोचा. धनी, तुमाला कुणी मारलं म्हणतेय. पण दरोडेखोर तर मी—

बघतेय. माझ्याकडं नाही, माझ्या खांद्यावरून, मागं. डोळे फाटलेत. घाम फुटलाय. बाई, थांब! ओरड ना—

आवाज कापतोय, पण थांबत नाही, वाचतेच आहे, वाचतेच, जसा मी त्या—