बोटीतल्या फळ्या

१० जानेवारी, शनि.
मगदल्ल्याला जाऊन आले. ह्यांची बोट तशीच, खाडीच्या काठावर टेकू लावून उभी. केबिनच्या जमिनीच्या फळ्या काळ्या पडल्यात. डोलकाठीच्या बुडाशी तर हाताचं बोट रुततं. ह्यांनी दिवाळीआधी निम्म्या घासल्या होत्या, मग लकव्याचा झटका आला. उरलेल्या मी करणार. कशासाठी, ते कुणी विचारू नये.
हे आता दोनच शब्द बोलतात. ‘फळी’ आणि ‘ना’. चहालाही ना म्हणतात, मग पितात.

१४ जाने., बुध.
उत्तरायण. सगळं सुरत पतंग घेऊन गच्चीवर, आम्ही बोटीच्या पोटात. खालच्या मजल्यावरचे रघुभाऊ आले होते, त्यांची बायको घरी ह्यांच्याजवळ बसली. रघुभाऊ कपाटं, पलंग पॉलिश करणारे. केबिनमध्ये वाकून वाकून वैतागले. घासपेपरची धूळ इतकी की एकमेकांची तोंडं दिसेनात. पण खालून सागाचा रंग निघाला. दोघंही बघत राहिलो.
गुडघे गेले माझे.

१९ जाने., सोम.
सीलरचा, म्हणजे वार्निशाआधीच्या लेपाचा, पहिला हात दिला. लाकूड कोरडं लागत होतं, रघुभाऊंनाही तसंच वाटलं. दार उघडं ठेवून बाहेर बसलो, आत वासाने डोकं धरतं.
घरी येऊन ह्यांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. ऐकलं असावं. आज बरं वाटलं, म्हणून लिहून ठेवते.

२२ जाने., गुरु.
फोड आलेत. पांढरे चट्टे, सगळीकडे. रघुभाऊंनी नख लावलं तर पापुद्रा सालीसारखा उलगडला. म्हणाले, “वहिनी, हाई लाकूड आतून ओलं शे. पानी खालतीन येस.”
एक फळी उचलून टॉर्च मारला. तळाला चीर आहे, मोठ्या भरतीचं पाणी तिथून आत येतं. म्हणजे वर काहीही लावा, खालून ओल आहेच. तळ सांधणं हे ह्यांचं काम. हजिऱ्याच्या गोदीत आयुष्यभर तेच केलं. ही बोटही तिथल्याच कुणा साहेबाने टाकून दिलेली. शीड लावून समुद्रापलीकडे घोघ्यापर्यंत जायचं, मला घेऊन, असं म्हणायचे. मी हसायचे.

२५ जाने., रवि.
नितीनने (नणंदेचा मुलगा, तोच एक येतो हल्ली) टेम्पो आणला. फळ्या सोडवून कोसाडला घरी आणल्या, गॅलरीत उभ्या केल्या वाळायला. ह्यांची खाट दाराशी ओढली. चांगला हात सारखा फळीवर.
ह्यांचा व्यायाम घेणाऱ्या बाई आज सांगून गेल्या, आता आहे ते टिकवायचं. म्हणजे याहून बरं होणार नाही.

९ फेब्रु., सोम.
बोट उभी आहे त्या प्लॉटवाल्याचा फोन. तिथे गोडाऊन बांधतायत, बोट हलवा. चांगल्या शब्दांत बोलला, त्याचाच जास्त राग आला.
नितीनने भंगारवाला बघूनही ठेवलाय. डोलकाठी आणि तळातलं वजनाचं शिसं घेणार, बाकी तोडणार. वर म्हणाला, “मामी, मामा आता बोट चालवणार नाहीत. तुम्हालापण माहितीये.”
माहितीये.
तो गेल्यावर फळ्या उलट्या केल्या आणि पाठीकडूनही सीलर दिलं. कडांनासुद्धा. रघुभाऊ वर आले, बघितलं, दुसरा ब्रश घेतला.

१५ फेब्रु., रवि.
ह्यांना नेलं बोटीवर. नितीन आणि रघुभाऊंनी खुर्चीसकट उचललं. नितीनला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं, एकदा बघू दे, मग काय ते कर. फळ्या कालच बसवल्या. एकही अडली नाही, स्क्रू जुन्याच भोकांत गेले. उजेडात फार सुंदर दिसत होत्या.
केबिनच्या पायऱ्या खूप अरुंद. खुर्ची आत जाईना. दाराशीच बसवलं. तिथून खाली सगळं दिसतं, पण त्यांनी खाली पाहिलंच नाही. खाडीकडे तोंड. ओहोटी होती, नुसता चिखल. मी म्हटलं, बघा ना, फळ्या. दोनदा म्हटलं.
मग म्हणाले, “घर.”
नोव्हेंबरपासून पहिला नवा शब्द. नितीन म्हणाला, मामा थकले, घरी चला म्हणतायत. मी विचारलं, कुठलं घर? ते रडायला लागले. हल्ली कशानेही रडतात, डॉक्टर म्हणाले होते तसं. उचलून परत आणलं.

१७ फेब्रु., मंगळ.
काल दिवसभर आणि आज, एकदाही बोलले नाहीत. ‘फळी’सुद्धा नाही. व्यायामाच्या बाईंना फोन केला. नवा शब्द आला हे चांगलंच, म्हणाल्या, पण आवाजात उत्साह नव्हता.
भंगारवाला परवा येतोय. नितीनला थांब म्हणू का? थांबवून करू काय. चीर आहे तिथेच आहे, प्लॉट जाणारच. आणि ते ‘घर’ म्हणाले ते कशाला, कोसाडच्या घराला की बोटीला, हे मला कोण सांगणार.
दुपारी एकटीच बोटीवर गेले. वार्निशचा शेवटचा हात राहिला होता. आतल्या कोपऱ्यातून सुरू केलं, मागे सरकत सरकत पायऱ्यांपर्यंत आले. आता त्यावर पाय ठेवायचा नाही. वाळायला दोन दिवस तरी हवेत.