रद्दीतून परत आणलेलं फ्रेंच

विनया,

तोंडावर बोलायला जमणार नाही, म्हणून लिहून कामाला निघालोय. तू रद्दीत दिलेलं ‘घरबसल्या फ्रेंच’वालं पुस्तक माणिकपूरच्या रद्दीवाल्याकडे जाऊन परत आणलंय. फ्रिजवर ठेवलंय.

रविवारी संग्रामच्या फोनवर तू आपल्या फ्रेंच सुनेला ‘कॉमेंट आलेझ’, म्हणजे कशी आहेस, असं विचारलंस. तिला ते कळलं होतं गं, ती उत्तरही देत होती. तुझ्या उच्चाराला हसलो तो मी एकटाच. मला तर तेवढंही येत नाही.

शेवटच्या पानावर तू पेन्सिलीने लिहिलंयस, ‘बाळ झालं की विचारायचं: कोणासारखं दिसतं?’ खाली फ्रेंचसाठी सोडलेली ओळ अजून कोरीच आहे.

ती भर. येत्या रविवारी फोन तूच घे. मी खाली जाऊन बसेन.

प्रल्हाद