टिंबूच्या उलट्या तारा

प्रिय चौकशीबाई,

फोनवर तू रडतेस आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून पत्र. दुकानात पंखा दुरुस्तीला आला तरी मी त्याची कहाणी पहिल्यापासून ऐकतो, तशी तूही ऐक. तुझी लेक पाच आठवडे आधीच आली आणि त्याच दिवशी तुझ्या अंगावर कांजिण्या उमटल्या. म्हणून दवाखान्यात ती वरच्या मजल्यावर, तू खालच्या. अकरा दिवस झाले. तुझं दूध वर येतं, पण नाकातल्या नळीतून तिच्या पोटात जातं. बाईसाहेब स्वतः ओढून प्यायल्याशिवाय घरी सोडणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी ठणकावून सांगितलंय. सिस्टर बाटली धरतात आणि डोकं धरतो मी, कारण जावईबापू एवढ्याशा जिवाला धरायला घाबरतात. आणि ही पोरगी बाटली जवळ आली की तोंड फिरवते! काल तर मला तिचा रागच आला. एवढासा जीव आणि केवढा हा ताठा!

तुला टिंबू आठवतो? नऊ वर्षांची होतीस. शाळेत मेंदूचा धडा झाला आणि दुकानात येऊन तू माझं डोकं खाल्लंस, की उपाशी मरू नये म्हणून प्राण्याला कमीत कमी किती चेतापेशी लागतात. मी आपलं ठोकून दिलं, दोन. मग आपण तो प्राणीच रचला. पाण्याच्या तळाशी राहणारा, ना डोळे ना कान. डावीकडे वास घेणारी एक पेशी, उजवीकडे एक, आणि मागे दोन वल्ही. पोट मात्र तू ऐसपैस काढलंस. चित्रावर तुझं भागेना, म्हणून साबणाच्या डबीत खेळण्यातल्या दोन मोटारी बसवल्या, वासाऐवजी उजेड कळणारे दोन डोळे लावले, आणि टॉर्च हे त्याचं जेवण ठरलं. मी, एवढा जुना कारागीर, डावी तार डाव्या मोटारीला जोडली. टिंबू टॉर्च दिसताच पाठ फिरवून कपाटाखाली पळाला! मी सेल बदलले, मोटारी बदलल्या, टॉर्चला शिव्या घातल्या. तू पोटावर पडून बघत होतीस. म्हणालीस, जेवणाकडची बाजू जोरात पळते म्हणून तो उलटा वळतो, तारांची अदलाबदल कर. केली, तर टिंबू तुरुतुरु येऊन तुझ्या टॉर्चला धडकला. पण जेवण कोणतं हे त्याला ओळखता येतं का, हा तुझा पुढचा प्रश्न तयारच. ओळखायची गरज नाही गं, नुसतं वळता आलं की झालं, असं मी म्हटलं होतं.

आज सकाळी बाटली उजवीकडून आली आणि पोरीने नेहमीसारखं तोंड डावीकडे फिरवलं. डाव्या गालावर काय होतं? माझा भलामोठा पंजा! तिला बाटलीकडे ढकलत होतो ना मी. ती बिचारी गालाला लागलेल्या हातालाच जेवण समजून त्याच्याकडे वळत होती. पुन्हा उलटी तार, आणि पुन्हा मीच! मी हात मानेखाली नेला आणि सिस्टरना म्हटलं, बाटलीकडच्या गालाला बोट लावून बघा. आता पंखेवाले आम्हाला शिकवणार, म्हणत त्यांनी लावलं. तोंड वळलं, उघडलं, आणि चुकचुक आवाज सुरू! अर्धी बाटली संपवली पठ्ठीने. मी नाचलोच असतो, पण हातात तुझी लेक होती. संध्याकाळी तर बाटली पूर्ण रिकामी. जावईबापू भिंतीकडे तोंड करून रडले आणि सर्दी झालीय म्हणाले.

उद्या नळी काढणार आहेत. आणि तुझ्या सगळ्या फोडांवर खपल्या धरल्यात, म्हणून उद्या दुपारी तुलाही वर सोडणार आहेत. परवा फोनवर तू म्हणालीस, इतके दिवस मी जवळ नाही, ती मला ओळखणारच नाही. त्याचं उत्तर आज सापडलं, म्हणून हे पत्र. घाईघाईने तिचं डोकं धरून ओढू नकोस. नुसती जवळ घे आणि तुझ्याकडचा गाल तुला लागू दे. ती वळेल.

तुझाच,
उलट्या तारांचा बाबा