पाचच्या नावाखाली सहा

१८ नोव्हेंबर, बुधवार
कॉलेजची संगणक-खोली, दुपार

प्रिय खटपट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. आईचा गुडघा बरा आहे, स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतो आहे, आणि बाबा तीन दिवस माझ्याखेरीज कोणाशी धड बोललेले नाहीत. रविवारच्या त्या फोननंतर तू माझे फोन उचलत नाहीस. पत्र काही मधेच कापता येत नाही. तेव्हा पूर्ण वाच. मी भयंकर चिडलेली आहे आणि सगळं पहिल्यापासून सांगणार आहे.

बाबांचा जुना संगणक गेल्या महिन्यात कायमचा बसला. नेमकी तेव्हाच त्यांच्या पुस्तकाची शेवटची मुद्रितं आली होती. सहा वर्षांची कोष्टकं, समीकरणांची सहाशे बारा मुळं, प्रत्येक वीस दशांश स्थळांपर्यंत. त्यांना दोन पानं पुन्हा चालवून बघायची होती, एवढंच. मी नवीन संगणक आणला. लिनक्स घालायला तास लागला. मग तू नोकरीला जाण्याआधी बसवून दिलेला तो गणिताचा प्रोग्राम घातला आणि माझे हाल सुरू झाले.

चालवला की म्हणे, अमुक फाइल सापडत नाही. ती आणून दिली की म्हणे, आता तमुक सापडत नाही. मारुतीची शेपूट नुसती. पाच फाइली शोधून घातल्या, दोन दिवस नाकी नऊ आले. तू कुठून काय आणलंस, कुठे ठेवलंस, याची एक ओळ कुठे लिहून ठेवावीस? टेबलाच्या खणात तुझी वही सापडली तेव्हा मला केवढा आनंद झाला. उघडली तर पानभर मिशीवाल्या माणसांची चित्रं आणि खाली 'झालं. चालतंय.' मी ती वही भिंतीवर फेकली.

शेवटची एक फाइल मात्र मिळेना. आकडेमोडीची लायब्ररी, पाचवी आवृत्ती. सगळीकडे सहावीच मिळते. म्हणून मी जुन्या संगणकाची डिस्क काढून जोडली, तू पाचवी कुठून पैदा केलीस ते बघायला. आणि सापडलं. पाचवी नव्हतीच. तू सहावीलाच पाचव्या नावाची लिंक करून दिली होतीस. पाटी पाचची, आत सहा. प्रोग्राम बिचारा फसला आणि दोन वर्षं मुकाट चालत राहिला.

मी खरी पाचवी मिळवली, अर्धा दिवस खर्चून मूळ कोडवरून मशीनवर बांधून घेतली. बाबांचं पहिलं पान चालवलं. शेवटचे तीन अंक जुळेनात. मला वाटलं मीच काहीतरी गोंधळ घातला. कॉलेजात येऊन वेगळ्याच प्रोग्रामवर चाळीस मुळं ताडून पाहिली. अकरा चुकलेली. छापायला चाललेली, बाबांच्या नावावर.

रविवारी सकाळी त्यांना सांगितलं. ते ओळीखाली पट्टी धरून मुद्रितं तपासत होते. मी समजावलं की प्रोग्राम स्वतः आकडेमोड करत नाही, ती या फाइलकडून करून घेतो, आणि फाइलच दुसरी लावली होती. त्यांनी पेनाला टोपण लावलं. किती चुकली, एवढंच विचारलं. मग विचारलं, कोणी केलं. मी म्हटलं, त्याने.

पुढचं तुला माहीत आहे. त्यांनी तुला फोन लावला, हल्ली कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर. "मी तेव्हा तुला विचारलं होतं, सगळं जिथल्या तिथे आहे ना? तू हो म्हणालास. हे तू एकट्याने केलंस?" आणि तू म्हणालास, "हो बाबा, मी एकट्यानेच."

"मला चूक चालते," ते म्हणाले. "विचारल्यावर खोटं सांगितलेलं चालत नाही." फोन ठेवला, प्रस्तावनेचा कागद ओढला आणि तुझे आभार मानलेली ओळ खोडली. काळजीपूर्वक, पट्टी धरून. आणि तिथेच नवीन ओळ लिहिली: चूक वेळेत पकडणाऱ्या माझ्या दक्ष मुलीमुळे हे पुस्तक वाचलं.

दक्ष मुलगी! मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते, मूग गिळून.

एकट्याने म्हणे. खरी पाचवी बांधायला दिवस जाईल असं तू त्या दिवशी म्हणत होतास, तेव्हा चपला घालून दारात कोण उभं होतं? मला मैत्रिणीकडे जायचं होतं, आणि तुझ्याशिवाय जायचं नव्हतं. आमच्या या खोलीत आम्ही सर्रास तसंच करतो, मुलांच्या किरकोळ प्रोग्रामला खपून जातं. मीच म्हटलं, "सहालाच पाचचं नाव दे आणि चल. बाबांना कुठे कळतंय?" तू म्हणालास, आकडे चुकले तर? मी हसले. नंतर बाबांनी विचारलं तेव्हा तू आधी माझ्याकडे बघितलंस. मी पिशवीत काहीतरी शोधायला लागले. मग तू हो म्हणालास. दोन वर्षांत मी ते साफ विसरले होते, डिस्कवर ती लिंक दिसली तेव्हा आठवलं.

पोटापाण्याला हेच काम करते रे मी. तुझ्यापेक्षा मला जास्त कळायला हवं होतं.

तुझ्यावरचा राग मात्र तसूभर कमी झालेला नाही. तुझ्याकडे मोठेपणा मागितला होता कोणी? स्पीकरवर माझं नाव घेतलं असतंस तर मी रडले असते, भांडले असते, पण सुटले असते. आता बाबा रोज मला शेजारी बसवून सहाशे बारा मुळं नव्याने ताडून घेतात आणि प्रत्येक पानानंतर म्हणतात, तू होतीस म्हणून. मला ते शब्द ऐकवत नाहीत.

प्रस्तावना शुक्रवारी छापखान्यात जाते. मी आज घरी गेल्यावर सांगणार आहे. तू मधे पडू नकोस, ताईचा एवढा दोष नाही वगैरे बोलू नकोस. ते माझ्याशीही बोलायचे थांबतील, थांबू देत. पत्र आधी पेटीत टाकते आणि मग घरी जाते, म्हणजे वाटेत माझा धीर सुटला तरी तुझ्याकडे लेखी राहील. मी बोलले नाही असं कळलं, तर फोन लाव आणि हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव. स्पीकरवर.

शुक्रवारच्या आत प्रस्तावनेतून खोडली जाणारी,
तुझी ताई