मुठीचा नियम आणि एक कट्टा तांदूळ

बाबा,

आज संध्याकाळी तांदूळ निवडायला घेतला आणि सूप मांडीवर तसंच राहिलं. उद्या नागपूरला बोलायचं आहे. गरीब देशांच्या डोक्यावरची कर्जं, तेलाचे भाव, उपासमार, आणि या सगळ्यात ख्रिस्ती माणसानं कुठं उभं राहायचं, असा विषय दिलाय त्या लोकांनी. भाषण तयार आहे. तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी कॉलेजात होते आणि माझा मोठा आवाज घरापुरताच होता. आता समोर माइक असतो, तरी सभा संपल्यावर कोणीतरी येऊन सांगतं, बाई, जरा हळू बोलत जा. तुम्ही चर्चमध्ये पुलपिटावरून उपदेश करतानासुद्धा शेजारच्याशी बोलल्यासारखे बोलायचात. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या कानामागे हात धरून पुढे सरकायच्या. मी त्याला तुमचा भित्रेपणा समजायचे आणि तुम्हाला तसं सांगायचेही. तुम्ही चष्मा पुसायचात.

उद्याच्या भाषणात तुम्ही आहात. माझ्या बहुतेक भाषणांत असता. नाव घेत नाही, फक्त सांगते की नाकाडोंगरीच्या वाटेवरच्या एका गावात एक पाळक होता आणि त्याच्या चर्चमध्ये मुठीचा नियम होता. शहरातल्या लोकांना तो समजावून सांगावा लागतो. आधण आलं की तांदूळ वैरायच्या आधी घरच्या बाईनं एक मूठ काढून चुलीजवळच्या गाडग्यात टाकायची, आणि रविवारी ते गाडगं आणून वेदीपाशी ठेवलेल्या मोठ्या मडक्यात ओतायचं. तशी ही रीत पुष्कळ चर्चच्या मंडळ्यांत आहे. तुमचा नियम होता तो पुढचा: एका वेळच्या रांधण्याला एकच मूठ, जास्त नाही. घरी पाच एकर धान असो की बिड्या वळून पोट भरत असो, मूठ एकच. कोणी ओंजळ आणली तर तुम्ही हसून परत करायचात. मडक्यातलं धान्य आधी ज्या घरी चूल पेटली नाही तिथं जायचं, मग ते घर आपल्या मंडळीचं असो की नसो. उरलेलं आपल्या घरी यायचं.

ते उरलेलं म्हणजेच आपलं जेवण होऊन बसलं, तो काळ मला अजून चवीनं आठवतो. मिशनकडून निरोप आला होता की परदेशातून येणारी मदत थांबते आहे, आता पाळकाला मंडळीनंच सांभाळावं. गावाजवळच्या खदानीतही तेच. मँगनीज घेणारे बाहेरचे कारखाने थंड पडले आणि ठेकेदारानं निम्मी माणसं घरी बसवली. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मायला समजावताय. अरबांनी तेल महाग केलं, त्यामुळं तिकडच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या बाया दानपेटीत कमी टाकतात, त्यामुळं आपल्याकडे डाळ नाही. माय पातेल्यातली कण्यांची पेज ढवळत ऐकून घेते आणि विचारते, "म्हंजे आपली भूक बी विलायती हाय का जी?" तुम्ही इतके हसता की चष्मा काढावा लागतो. पुढे जगाच्या अर्थकारणावर मी जाडजाड पुस्तकं वाचली, पण त्या एका प्रश्नाच्या पलीकडे त्यातली थोडीच गेली.

मग शेठ आला. तुमसरकडचा राइस मिलवाला, निवडणुकीला उभा होता. जीप अंगणात आणि तो आपल्या घरातल्या, हात असलेल्या एकमेव खुर्चीत. त्याच्यासोबत आपल्याच मंडळीतला पंच, खदानीतला हजेरीबाबू. मायनं गुळाचा कोरा चहा दिला. शेठ म्हणाला, मंडळीत घरटी एक कट्टा तांदूळ देतो, रविवारी उपासनेनंतर चर्चच्या ओट्यावरून पाळकसाहेबांच्या हातानं वाटा. माझं नाव घ्यायची गरज नाही, ट्रकवर लिहिलेलंच आहे. कट्टा म्हणजे अख्खं पोतं, घरात महिनाभराची निश्चिंती. मी दाराआड उभी होते आणि मला आतून भाताचा वास यायला लागला होता, खरंच.

तुम्ही म्हणालात, "शेठजी, आमच्या इथं मुठीचा नियम हाय. रविवारी गाडगं घेऊन या, सगळ्यायसारखं टाका."

"माझ्या मिलमधी झाडलोटीत याच्याहून जास्त निघते, पास्टर."

"निघत असंल जी. झाडलोटीचा बी चालंल. पण मुठीनंच."

माझं भाषण इथं टाळ्या घेतं. मी क्षणभर थांबते आणि सभागृह उसळतं. पण त्या दिवशी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेठ चहा अर्धा ठेवून उठला, आणि जीप गेल्यावर हजेरीबाबू पायरीवर थांबून तुम्हाला म्हणाला, "लेकरं उपाशी हायेत अन् तुमी नियम सांगून राहिले. नियमाची भाजी होते का जी?" तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याच भावाला ठेकेदारानं घरी बसवलं होतं.

मीही तुमच्यावर चिडले होते, पण वेगळ्या कारणानं. मला वाटत होतं, नुसतं नाही म्हणून काय होणार? रविवारी पुलपिटावरून त्या माणसाची सालटी काढायला हवी. याच्याच मिलच्या अंगणात आपल्या मंडळीतल्या बाया भर उन्हात धान वाळवतात आणि संध्याकाळी मजुरी म्हणून पदरात कण्या घेऊन येतात, हे सांगा. त्याच कण्यांच्या मुठी आपल्या मडक्यात पडतात, हेही सांगा. असं बरंच काही मी बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजे त्याचा तांदूळ येऊनच राहिला ना, पोरी. फक्त त्याच्या हातानं नाही. ज्याचा घाम हाय त्याच्या हातानं येऊन राहिला." मला तेव्हा ते शब्द पळवाट वाटले. आता ते मी जिथं तिथं वापरते. तुमचेच आहेत, हे मात्र सांगत नाही.

आत माय आधणाकडे बघत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती तुमच्याकडे न बघता म्हणाली, "तुमचा देव मुठीत मावते. लेकरायची भूक नाही मावत." आणि सगळ्या कण्या आधणात वैरायला तिनं डबाच उचलला. मूठ काढली नाही. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. तुम्ही उठलात आणि डब्यात हात घातलात. मायनं तुमचं मनगट धरलं. मला वाटलं आता भांडण होणार. ती म्हणाली, "तुमची मूठ मोठी हाय. सोडा. माझ्या हातानं टाकू द्या." आणि तिनं तिची लहानशी मूठ गाडग्यात सोडली, रागातच.

रविवारी ट्रक चर्चसमोरच्या चिंचेखाली उभा होता, त्यावर मोठ्या अक्षरांत नाव, आणि वर शेठ स्वतः. चर्चमध्ये त्या दिवशी एकही बाक रिकामा नव्हता आणि लक्ष एकाचंही आत नव्हतं. तुम्ही अरण्यातल्या मान्न्याबद्दल, देवानं आकाशातून पाडलेल्या अन्नाबद्दल बोललात. ज्यानं पुष्कळ गोळा केलं त्याला जास्त झालं नाही, ज्यानं थोडं गोळा केलं त्याला कमी पडलं नाही, आणि साठवून ठेवलं त्यात किडे पडले. शेठचं नाव नाही, निवडणुकीचा शब्द नाही. आशीर्वाद झाल्यावर तुम्ही पांढऱ्या झग्यातच ओट्यावर आलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललात, आयुष्यात एकदाच. "ज्याले घ्याचं हाय त्यानं घ्यावं. भुकेल्याचा हात मी धरत नाही. पण चर्चच्या ओट्यावरून नाही अन् माझ्या हातून नाही. ज्याचा तांदूळ हाय त्याच्या हातून घ्या, अन् कोणाचा हाय ते ध्यानात ठेवा."

कोणी हललं नाही. बाया पदर तोंडाशी धरून एकमेकींकडे बघत होत्या. लेकरं ट्रककडे बघत होती. घ्यावं तर पाळकाचा अपमान, न घ्यावं तर घरी काय? आणि तेव्हा माय पुढे झाली. पाळकाची बायको, सगळ्यांच्या देखत, ट्रकपाशी जाऊन पहिली उभी राहिली आणि तिनं हात वर केले. शेठच्या माणसानं तिच्यापुढे कट्टा सोडला. तिच्यामागे एक बिडीवाली गेली, मग हजेरीबाबूचा भाऊ, मग सगळेच. तुम्ही ओट्यावरून उतरलात. मला वाटलं, घरी निघाले. तुम्ही मायपाशी गेलात, वाकलात, तो कट्टा खांद्यावर घेतलात आणि चालू लागलात. झग्यावर तागाची कुसळं आणि कोंडा. शेठ वरून बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं की तो जिंकला की हरला. माझ्याही चेहऱ्यावरून कळत नसेल.

घरी मायनं कट्ट्याचा दोरा ओढला आणि आधी गाडगं पुढे घेतलं. "तांदूळ त्याचा, मूठ माझी," म्हणाली. बस, एवढंच. पुढे बाजारातल्या सभेत शेठनं सांगितलं की पास्टरची बायको माझ्या लायनीत पहिली होती. लोकांनी येऊन तुम्हाला ते तिखटमीठ लावून ऐकवलं. तुम्ही म्हणालात, "होती ना जी. तांदूळ बी चांगला होता. जुना, मोकळा शिजला." मी मात्र धुमसत होते. तुम्हाला म्हटलं, तुमच्या घरातच तुमचा नियम मोडला. तेव्हा तुम्ही अंगणात खाट विणत होतात. सुंभ दातात धरून म्हणालात, "नियम देणाऱ्याले हाय, पोरी. घेणाऱ्याले कायचा नियम?"

बाबा, मी आजही तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. मुठी जमवून मिलच्या अंगणातली मजुरी वाढली नाही. ती वाढली बायांनी एका हंगामात धान उलथवायचं बंद केलं तेव्हा, आणि तेव्हा तुम्ही नव्हतात. जग फक्त दयेनं चालावं असं मला वाटत नाही. दया करणारा उंच ट्रकवर उभा असतो आणि ट्रकवर त्याचं नाव असतं. आज देशच्या देश तशा रांगेत उभे आहेत. धान्य मिळतं, कर्ज मिळतं, आणि सोबत हुकूम मिळतो की शाळांवर कमी खर्च करा, मजुरी वाढू देऊ नका, आमचा माल येऊ द्या. हे पाप आहे आणि त्याला पाप म्हणण्याचं धाडस चर्चनं करायला हवं, असं मी उद्या म्हणणार आहे, आणि मोठ्यानं म्हणणार आहे. ज्याच्यापाशी कोठार आहे त्यानंही इतरांसारखं गाडगं घेऊन यावं, रांगेत उभं राहावं, आणि जागा मिळेल तिथं बसावं, याच्याइतका कडक आर्थिक विचार मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही.

पण माझी गोष्ट जीप निघून जाते तिथं थांबते. कट्टा मी कधी सांगत नाही. सभेला शत्रू लागतो, आणि माय रांगेत उभी राहिली की मला बोट कुणाकडे करावं ते कळत नाही. मायला एकदा विचारलं होतं, तू पहिली का गेलीस? ती आता दादाकडे असते. बरंच विसरते, पण हे विसरली नव्हती. म्हणाली, "कोणीतरी पयलं जायले पायजे होतं. बाकीच्यायले लाज वाटून राहिली होती." मग म्हणाली, "अन् भूक बी लागली होती."

भाषणात एक वाक्य होतं. कर्ज घेणारी सरकारं लाचार आहेत, असं. सरकारांचं मला माहीत नाही, त्यांतली काही असतीलही. पण त्या वाक्यात मी पुढे त्यांच्या जनतेलाही तोच शब्द लावला होता. सूप खाली ठेवून मी तो शब्द खोडला. त्या जागी दुसरा अजून सुचलेला नाही. उद्या तिथं आल्यावर बहुतेक मला कट्ट्याची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती मोठ्या आवाजात सांगता येत नाही. हळू बोलण्याची मला भीती वाटते. हळू बोलून मागच्या बाकापर्यंत पोचणं तुम्हाला यायचं, मला येत नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच एक सांगते, जे मी कुठल्याच सभेत कबूल करणार नाही. रोज आधण आलं की मी मूठ काढते. माझा हात आता हुबेहूब मायएवढा झाला आहे. पण या शहरातल्या चर्चमध्ये मडकं नाही, दानाची पाकिटं आहेत. शेजारी कोणाची चूल पेटली नाही ते मला माहीत नसतं, कारण इथं सगळ्यांची दारं बंद असतात आणि मीही कधी ठोठावलेली नाहीत. मग ती मूठ हातात धरून मी जराशी उभी राहते, आणि परत त्याच डब्यात सोडते.