पलंग दिसेल असं घर

ता. ९ नोव्हेंबर

चि. चिऊ,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. जावईबुवांचा खोकला थांबला का? रात्री खिडकी उघडी टाकून झोपू नका म्हणावं.

परवाचा तुझा राग समजला. फोनवर काही बोललो नाही, कारण तुझी आई शेजारीच बसली होती, म्हणून लिहितो. तुझ्या घराजवळचा तो बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट नको म्हटलं आणि हे तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर मी परस्पर ठरवून मोकळा झालो. "बाबा, जन्मभर लोकांची घरं सजवलीत आणि स्वतःसाठी हे खुराडं?" असं तू म्हणालीस. खुराडं तर खुराडं. सामान लावूनसुद्धा झालं.

घर कसं आहे ते सांगतो. कुठल्याही दाराला उंबरा नाही, पाय अडकत नाही. फरशी करडी, चमक नसलेली. पुढच्या खोलीतून आतला पलंग दिसतो आणि पलंगावरून संडासाचं दार दिसतं. ते दार मी पिवळं रंगवलंय. पिवळं म्हणजे अगदी डोळ्यांत खुपेल असं, तू पाहिलंस तर नाक मुरडशील. कपाटांची दारं काढून टाकली. इतकी वर्षं लोकांच्या कपाटांना दारं बसवून पोट भरलं, आता स्वतःच्याच कपाटांची उचकटली. शेजारची शिंपीण म्हणाली, "काय हो, दारं विकून खाल्लीत की काय?" मी म्हटलं, हवा खेळती राहते.

बंद दारामागची वस्तू तुझ्या आईच्या लेखी नसतेच, हे त्या शिंपिणीला कशाला सांगू?

त्या फ्लॅटची फरशी आठवते? आरशासारखी होती. आई दारातच थांबली, साडी वर धरली आणि म्हणाली, "अगं, पाणी सांडलंय, आधी पुसून घे." तू हसलीस, मीही हसलो. तिचा स्वभाव मुळात चेष्टेखोर, म्हणून निभावून गेलं. ती चेष्टा नव्हती.

जुन्या घरातलं संडासाचं दार मी भिंतीच्या लाकडी पॅनेलात कसं बेमालूम बसवलं होतं ते तुला ठाऊक आहे. कडी नाही, फट नाही. पाहुणे आले की मी मुद्दाम विचारायचो, ओळखा बघू दार कुठंय? ते भिंत चाचपडायचे आणि मी मिशीतल्या मिशीत हसायचो. पुढे तुझी आई त्या भिंतीसमोर उभी राहायला लागली. चाचपडायची. एकदा दार वेळेत सापडलं नाही. मी पुसून घेतलं. "कुणाला सांगू नका हं," म्हणाली. मी सांगितलं नाही, तुलासुद्धा नाही.

तू समजतेस त्यापेक्षा ती खूप जास्त विसरते, चिऊ. एवढं एक वाक्य लिहायचं म्हणून मी मघाशी उठून चहा केला, भांडी घासली, पटाशीला धारही लावली.

मला वाईट वाटतं का? बोटावर हातोडी बसली की आधी काही कळतच नाही, नुसतं बधिर होतं. तसं चाललंय. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. दिवसभर काहीतरी ठोकत बसतो.

"तिथे केवढी मोठी बेडरूम, दोघं ऐसपैस राहाल," असं तू म्हणालीस. घोडं तिथेच अडलं. आम्ही तुझ्याकडून परत आल्यावर हे सुरू झालं. ती मला आत झोपू देत नाही. दिवसभर गोड बोलते, चहा आणून देते, पण तिच्या लेखी मी कामाला आलेला मिस्त्री आहे. अंधार पडायला लागला की म्हणते, "मिस्त्री, आता आवरा. आमचे हे येतील एवढ्यात." पहिल्यांदा मी म्हटलं, अगं, तो मीच. त्यावर ती इतकी घाबरली, इतकी ओरडली की शेजारी धावत आले. पुन्हा कधी तसं बोललो नाही. पुढच्या खोलीत अंथरूण टाकतो, हत्यारांची पेटी उशाशी ठेवतो, म्हणजे काम बाकी आहे म्हणून मिस्त्री मुक्कामाला राहिलाय, हे तिला पटतं. तिथून मला ती दिसते. त्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीतून नुसती बाल्कनी दिसते.

ती रोज वाट बघते. माणूस कामसू आहे म्हणते, फक्त घरी यायला उशीर करतो.

तुला ती अजून ओळखते. तेव्हा ये, लवकर ये, तिला आनंद होईल. फक्त तिच्यासमोर मला बाबा म्हणू नकोस. मिस्त्री म्हण. आणि घर छान झालंय असं खुशाल म्हण, पण काम संपलं असं चुकूनही बोलू नकोस. काम संपलं तर ती मला निरोप देईल.

तुझा,
बाबा
(हे फक्त पत्रात)