गिळलेला ट

३ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस,
खारूताईचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर रडू आवरलं नसतं, म्हणून लिहिते आहे. बाबा, माझ्या हातून फार मोठी चूक झाली.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. अमेरिकन डॉक्टर रुग्णाची माहिती बोलून पाठवतात, मी हेडफोन लावून ती टाइप करते. नीट ऐकू आलं नाही, तर पायाखालचं पेडल दाबून पुन्हा ऐकायचं. गेल्या मंगळवारी एका आजींबद्दल डॉक्टर म्हणाले, की यांना पेनिसिलिन चालत नाही. मी टाइप केलं, चालतं. त्या एका शब्दावर त्यांना इंजेक्शन दिलं गेलं. चार दिवस झाले, त्या शुद्धीवर नाहीत.

डॉक्टर ‘कॅन्ट’ म्हणाले होते. तिकडे शेवटचा ट गिळतात, नुसतं ‘कॅन’ उरतं. आणि माझे कान बसले होते तुम्ही शिकवलेल्या ब्रिटिश ‘कांट’ची वाट बघत. इतकी खात्री होती, की पेडलवर पायसुद्धा गेला नाही. आता साहेबांसमोर तीसेक वेळा ऐकलं, तरी मला ‘कॅन’च ऐकू येतं. अन्न गोड लागत नाही. आईला इतक्यात सांगू नका.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.

तुमची,
खारूताई


९ ऑगस्ट

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. आईला सांगावं लागलंच नाही, तिनं माझ्या तोंडावरून ओळखलं.

शाळेत पोरं मला कांटमास्तर म्हणायची, ती उगाच नाही. कुणी ‘कॅन्ट’ म्हटलं, की मी बाकावर उभं करायचो. तुला तर एकदा भरल्या ताटावरून उठवलं होतं. सात वर्षांची होतीस गं. खरं सांगू? तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण इंग्रज काय नि अमेरिकन काय, समोर बसून एकाचंही बोलणं ऐकलं नाही. शब्दकोशातल्या खुणांवर माझा सगळा तोरा.

आता दिवसभर अमेरिकन बातम्या लावून बसतो. मलाही ‘कॅन’च ऐकू येतं. तुझ्या साहेबांना मी लिहितो, की शिकवणारा मी होतो. आजींचं कळव.

आमचा लोभ मागावा लागत नाही, हे ध्यानात ठेव.

बाबा


१४ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आजी काल गेल्या.

साहेबांना लिहू नका. ऐकणं हे माझं काम होतं. आजींच्या मुलीनं कंपनीला एवढंच विचारलं आहे, की टाइप करणारीनं ते दुसऱ्यांदा का ऐकलं नाही. उत्तर मी लिहायचं आहे. सकाळपासून कागद कोराच आहे.

नोकरी मी सोडली. घरी येऊ का? तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटते. फोन करू नका, माझा माझ्या कानांवर भरवसा राहिलेला नाही. कागदावरच कळवा.

तुमचीच,
खारूताई


१९ ऑगस्ट

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

त्या मुलीला खरं तेच लिही. खात्री होती, म्हणून पुन्हा ऐकलं नाही. ती खात्री बापानं दिलेली होती, हेही लिही. त्याखाली सही करायला मी तयार आहे.

तू विचारलंस त्याचं उत्तर मराठीत देतो. एकच अक्षर आहे, कुणी कसंही उच्चारलं तरी उलटा अर्थ निघायचा नाही.

ये.

बाबा